चाकावरची काजळी

मनुष्याची दृष्टी स्वभावतःच वर जाते. देवळात गेलो, तर आपण कळसाकडे पाहतो. ज्या पायऱ्यांवरून चढून आलो, त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. घरी पाहुणा आला, की त्याचा पोशाख आणि त्याच्या मुखावरचे हास्य आपण टिपतो. त्याच्या वहाणांचे तळ किती झिजले आहेत, हे कोणी पाहत नाही. वाहनांनाही हाच न्याय लागू आहे. नवी मोटार दारात उभी राहिली, की तिचा रंग, तिच्या काचा, तिचे दिवे यांची वाखाणणी होते. तिचा सारा भार ज्यांच्यावर असतो, त्या चार चाकांविषयी चार शब्द बोलावेत, असे फारसे कोणाला वाटत नाही.

आमच्या सावद्यात दसऱ्याच्या सुमारास मला याचा दरवर्षी प्रत्यय येतो. सावदा हे केळीच्या पट्ट्यातले गाव. केळी वाहणारे ट्रक, टेम्पो आणि ट्रॅक्टर यांची येथे सतत वर्दळ असते. त्यांत आता घरोघरच्या मोटारींची भर पडली आहे. सण जवळ आला, की ही सारी वाहने न्हाऊमाखू घातली जातात आणि दसऱ्याला त्यांच्या कपाळी झेंडूची माळ चढते. चाकांखाली लिंबे ठेवतात, चाकांना हळदकुंकू वाहतात. परंतु त्या हळदकुंकवाखाली चाक मात्र बहुधा काळेच राहिलेले असते! त्या काळ्या रंगाविषयीच आज मला थोडे बोलायचे आहे.

गेल्या हिवाळ्यात माझा पुतण्या आपली मोटार घेऊन छत्रपती संभाजीनगरहून आमच्याकडे आला. सिल्लोड, अजिंठा, मग घाट उतरून फर्दापूर, पुढे पहूर, जामनेर, भुसावळ आणि तापी ओलांडून सावदा, असा त्याचा मार्ग. गाडी नवी होती आणि तिची चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, चांदीसारखी चकाकणारी होती. निदान तो तसे सांगत होता. कारण मला जी पुढची दोन चाके दिसली, ती चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या पातेल्याच्या बुडासारखी होती.

“काका, ही तुमच्या खानदेशाची काळी माती बरं का!” तो हसत म्हणाला.

आमच्या मातीवर आलेला हा आळ मला सहन होईना. मी चाकावरून बोट फिरवून पाहिले. शेतातली वाळलेली माती बोटांत चुरली, तर तिचे कण खरखरीत लागतात. ही भुकटी काजळासारखी तलम होती आणि उन्हात धरली असता तीत बारीक चमक दिसत होती. शिवाय आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गाडीची मागची दोन्ही चाके जवळजवळ स्वच्छ होती. चारही चाके एकाच रस्त्यावरून आलेली. मग रस्त्याच्या मातीने पुढच्या चाकांशीच एवढी सलगी का करावी? शाळा सोडून मला काही वर्षे लोटली आहेत. तरी एखादा प्रश्न पडला, की त्याचे उत्तर मिळाल्यावाचून चैन पडू नये, ही सवय अजून सुटलेली नाही.

गावाबाहेर, बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वाहने धुण्याचे लहानसे केंद्र आहे. शाळेत असताना त्याचे अक्षर वेडेवाकडे असे, पण हात मोठे कुशल होते. मधल्या सुटीत कोणाचे मोडलेले कुलूप, कोणाचा बंद पडलेला कंदील तो उघडून बसलेला असे. पुतण्याला घेऊन मी त्याच्याकडे गेलो.

“सर, ही माती नव्हे,” चाकाकडे एक दृष्टिक्षेप टाकून तो म्हणाला, “ही ब्रेकची भुकटी आहे. घाट उतरून आलात ना?”

मग त्याने आम्हांला चाकाशेजारी बसवले आणि आऱ्यांमधून आत पाहायला सांगितले. मोटारीच्या चाकाबरोबर आतल्या बाजूस ओतीव लोखंडाची एक तबकडी फिरत असते. तिला डिस्क म्हणतात. चालकाने पायाखालचा ब्रेक दाबला, की दोन्ही बाजूंनी दोन जाड वड्या त्या फिरत्या तबकडीला चिमटीत धरतात. या वड्यांना पॅड असे नाव आहे. तबकडी फिरत असते, पॅड फिरत नाहीत. त्यांचे एकमेकांशी घर्षण होते आणि गाडीचा वेग मंदावतो.

परंतु वेग गेला, तो गेला कोठे? ऊर्जा कधी नष्ट होत नाही, तिचे रूप मात्र बदलते, हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकला असाल किंवा पुढे शिकाल. येथे गतीची उष्णता होते. प्रवाशांसह ११०० किलो वजनाची एखादी मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे, अशी कल्पना करा. ब्रेक लावून ती पूर्ण थांबवली, तर एवढी उष्णता निर्माण होते, की तीत अर्धा लिटर पाणी जवळजवळ उकळीला यावे. एकदा थांबण्याची ही कथा! घाट उतरताना तर वळणावळणावर ब्रेक दाबावा लागतो आणि तबकड्या चांगल्याच तापतात.

या घासाघाशीत तबकडी आणि पॅड ही दोन्ही कणाकणाने झिजतात. तबकडीतून लोखंडाचे सूक्ष्म कण सुटतात. पॅडमधून निरनिराळ्या धातूंची पूड, ग्राफाइट आणि हे सारे बांधून ठेवणाऱ्या राळेसारख्या पदार्थाचे कण निघतात. त्यांतले काही हवेत उडून जातात, काही रस्त्यावर पडतात आणि काही तापलेल्या स्थितीत चाकावर येऊन बसतात. तेवढ्यावरच हे थांबत नाही. दव पडले किंवा पावसाचे चार थेंब आले, की त्यांतल्या लोखंडाला गंज चढतो आणि चाकाच्या पारदर्शक लेपात ते कण जणू मुळे रोवतात. असे काही महिने गेले, तर मग ती काजळी पुसून जात नाही; तिचे तांबूस डाग होतात.

“पण पुढच्याच चाकांवर का?” मी माझा मूळ प्रश्न विचारला.

“सर, तुम्ही एस.टी.त उभे असता आणि चालक एकदम ब्रेक दाबतो, तेव्हा तुम्ही कोणीकडे झुकता?”

मास्तरांना प्रश्न विचारून उत्तर काढून घेण्याची ही माझीच युक्ती त्याने माझ्यावर चालवली, याची मला मोठी मौज वाटली. आपण पुढे झुकतो. गाडीचा भारही तसाच पुढच्या चाकांवर येतो. म्हणून थांबवण्याचे अधिक काम पुढच्या ब्रेकना करावे लागते आणि त्यांचीच झीज अधिक होते. त्यातून पुष्कळ लहान मोटारींच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. ते झाकण लावलेल्या डब्यासारखे असल्यामुळे त्यांची बरीचशी भुकटी आतच राहते. याप्रमाणे आमच्या काळ्या मातीची निर्दोष सुटका झाली. पुतण्याची पूर्ण खात्री पटावी, म्हणून माझ्या विद्यार्थ्याने धुण्याच्या बादलीच्या तळाशी वाळलेली थोडी भुकटी कागदावर घेतली आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवला. त्याबरोबर ती काजळी साळिंदराच्या काट्यांप्रमाणे ताठ उभी राहिली आणि चुंबकाच्या मागोमाग चालू लागली!

ते दृश्य पाहून मला रेल्वेस्थानक आठवले. सावद्याच्या स्थानकावरून केळी आगगाडीने दिल्लीकडे जातात, हे आमच्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक असते. आगगाड्या जेथे नेहमी थांबतात, तेथली रुळांमधली खडी पुष्कळदा तांबूस-तपकिरी दिसते. मूळचा दगड काळा असतो. त्यावर हा रंग चढवण्यात रूळ, चाके आणि ब्रेक यांच्या झिजेतून पडणाऱ्या लोखंडाचा मोठा वाटा असतो. एवढी अजस्र गाडी फलाटाशी येऊन अलगद थांबते, तेव्हा कोठे तरी काही तरी झिजलेले असते. आपण मात्र डब्याचा क्रमांक शोधण्यात गढलेले असतो.

थांबवण्याची ही विद्या चाकाइतकीच जुनी असली पाहिजे. माझ्या लहानपणी खानदेशात लाकडी चाकांच्या बैलगाड्या सर्रास होत्या. चाकावर लोखंडाची धाव चढवलेली असे आणि आसाला वंगण घातलेले असे. भरल्या गाडीला चढण परवडे, पण उतार नको वाटे; कारण उतारावर गाडीचा सारा लोट बैलांच्या अंगावर येई. म्हणून काही गाड्यांना चाकाच्या धावेवर दाबून धरण्याचा लाकडी ठोकळा बसवलेला असे. त्या ठोकळ्याची कुरकुर दुरून ऐकू येई आणि उतार संपला, की त्याच्यातून जळक्या लाकडाचा वास सुटे.

इकडे आमच्या घाटांत जे चाले, तेच तिकडे इंग्लंडच्या डोंगराळ भागातही चालत असे. डर्बीशायर परगण्यातल्या एका गावी हर्बर्ट फ्रूड नावाचे गृहस्थ राहत. उतारावर गाड्या आवरण्यासाठी गाडीवान लोक चाकावर चक्क जुने बूट दाबून धरतात, असे त्यांनी पाहिले, अशी कथा सांगतात. बुटापेक्षा बरे काही तरी असले पाहिजे, या विचाराने त्यांनी प्रयोग आरंभले आणि १८९७ साली ब्रेकसाठी झीज सोसणारी अस्तरे बनवण्याचा उद्योग उभा केला. पुढे मोटारी आल्या, वेग वाढला, आणि ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस नावाचे खनिज वापरण्याची प्रथा पडली. ते उष्णतेला दाद देत नसे, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याचे तंतू श्वासावाटे आत गेले, तर फुप्फुसांचे घातक विकार होतात, हे पुढे सिद्ध झाले. ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण लवकरच तुमच्या ध्यानात येईल.

आता चाक धुण्याकडे वळू. आपल्याकडे प्रवासाहून आलेल्या मनुष्याला दारातच पाय धुवायला पाणी देण्याची रीत आहे. पुतण्यालाही तसेच वाटले. त्याने पाण्याची नळी उचलली, तोच माझ्या विद्यार्थ्याने त्याचा हात धरला.

“थांबा भाऊ. आधी चाक निवू द्या.”

माणसाच्या तापल्या पायांवर पाणी घालावे, चाकाच्या मात्र घालू नये. तापलेल्या तबकडीवर एकाएकी गार पाणी पडले, तर ती वाकडी होण्याचा संभव असतो. साबणही चाकावर जागच्या जागी वाळून त्याचे डाग पडतात. म्हणून गाडी सावलीत उभी करून हात लावण्याइतके चाक थंड होईपर्यंत थांबायचे. दुसरा नियम असा, की आधी चाके धुवायची, मग गाडीचे अंग. उलट केले, तर चाकांवरचे शिंतोडे धुतलेल्या अंगावर उडतात आणि सारे काम पुन्हा करावे लागते. तिसरा नियम असा, की चाकांची बादली, चाकांचा ब्रश आणि चाकांचे फडके ही निराळीच ठेवायची. त्या फडक्यात लोखंडाचे कण अडकलेले असतात. तेच रंगावर फिरवले, तर चकचकीत रंगावर असंख्य बारीक ओरखडे उठतात.

मग त्याने एकेक चाक हाती घेतले. प्रथम पाण्याच्या हलक्या धारेने सुटी भुकटी वाहून जाऊ दिली. कोरड्या चाकावर त्याने फडके लावले नाही, कारण कोरडे पुसणे म्हणजे लोखंडाच्या कणांनी चाक खरवडणेच होय. नंतर सौम्य साबणाच्या पाण्यात मऊ ब्रश बुडवून आरे, आऱ्यांमधल्या खाचा आणि नटांभोवतीचे खळगे त्याने शांतपणे घासले. चिकटून बसलेल्या ठिपक्यांवर त्याने एक निराळा द्रव फवारला. क्षणार्धात चाकावर जांभळे ओघळ वाहू लागले. पुतण्या दचकला, पण तो रंग म्हणजे द्रवाचा आणि लोखंडाचा संयोग झाल्याची खूण होती. तो द्रव वाळण्याच्या आत भरपूर पाण्याने धुऊन काढला आणि चाक कोरड्या मऊ फडक्याने टिपून घेतले.

आमच्या डोळ्यांसमोर त्या पातेल्याच्या बुडातून चांदीचे चाक बाहेर आले.

“आता गाडी नेताना पहिल्या दोनशे पावलांत हळूहळू जा आणि ब्रेक दोनचार वेळा अलगद दाबा,” त्याने पुतण्याला बजावले. “ओला ब्रेक लगेच नीट धरत नाही. तो आधी कोरडा झाला पाहिजे.”

चाकाला चमक आणण्याच्या भरात चाकाचे मूळ काम बिघडता कामा नये, हे तो क्षणभरही विसरत नाही. चाकाच्या दर्शनी भागावर तो मेणाचा पातळ लेप देतो. त्यामुळे भुकटी घट्ट चिकटत नाही आणि पुढच्या वेळी साध्या पाण्यानेही पुष्कळशी निघून जाते. परंतु तबकडीवर आणि पॅडवर मेणाचा किंवा तेलाचा थेंबही पडू देत नाही. तेथे गुळगुळीतपणा म्हणजे अपघाताला आमंत्रण!

त्याच्या भिंतीवर एक चाक टांगलेले आहे. त्यावर पांढुरके, फुटलेल्या चुन्यासारखे चट्टे आहेत. कोणी तरी घाईघाईने फरशी धुण्याच्या ॲसिडने ते साफ करायला गेले होते. काजळी गेली, आणि तिच्याबरोबर चाकाचा वरचा लेपही गेला. खालचे ॲल्युमिनियम उघडे पडून खाल्ले गेले. ॲल्युमिनियम हा धातू मोठा नाजूक स्वभावाचा. त्याला तीव्र आम्लही चालत नाही आणि तीव्र क्षारही सोसत नाही. मालकाने ते चाक टाकून दिले. माझ्या विद्यार्थ्याने ते उचलून भिंतीवर लावले. नवा मुलगा कामाला आला, की त्याला पहिला पाठ त्या चाकापासून मिळतो.

आणि दुसरा पाठ? तो मात्र भिंतीवर टांगता येण्यासारखा नाही. पूर्वी त्याच्याकडे चाके कॉम्प्रेसरच्या हवेने झटकीत असत. एक झोत मारला, की काळा ढग उठे आणि क्षणात चाक मोकळे होई. काम झटपट, पाण्याची बचत आणि गिऱ्हाइकही खूश. तेथे काम करणारा एक वीस-बावीस वर्षांचा तरुण त्या ढगात दिवसभर उभा असे. संध्याकाळी त्याने नाक पुसले, की रुमाल काळा होई. त्याला खोकला लागला आणि तो काही केल्या हटेना. खोकल्याचे कारण तेच होते की दुसरे काही, याचा निवाडा करीत माझा विद्यार्थी बसला नाही. “सर, त्याच्या रुमालावर दिसत होतं, तेच छातीतही जात असणार,” तो मला म्हणाला. त्याने दुसऱ्याच दिवसापासून हवेचा झोत बंद केला. तेव्हापासून चाक आधी भिजवल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि हात लावताना हातमोजे व नाकातोंडावर चापून बसणारा मास्क घालायचा, असा तेथे दंडक आहे. त्याने काम थोडे सावकाश होते. गिऱ्हाईक कुरकुरते. तो ऐकून घेतो आणि दंडक मोडत नाही.

मघाशी ॲस्बेस्टॉसची गोष्ट सांगितली, ती याचसाठी. पुढे अनेक देशांनी ब्रेकमधून ॲस्बेस्टॉस हद्दपार केले. परंतु भुकटी काही संपली नाही. तिच्यातले पुष्कळ कण मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या सातव्या भागाहूनही बारीक असतात. डोळ्यांना दिसत नाहीत आणि श्वासाबरोबर खोल जातात. म्हणून आता जगातल्या राज्यकर्त्यांनीही तिची दखल घेतली आहे. २०२४ साली युरोपीय संघाने वाहनांसाठी जे नवे नियम संमत केले, त्यांत धुराड्यातून निघणाऱ्या धुराबरोबर ब्रेकमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांवरही प्रथमच मर्यादा घातली. बहुतेक मोटारींसाठी ती दर किलोमीटरला सात मिलिग्रॅम इतकी आहे. म्हणजे सुमारे १४३ किलोमीटर धावल्यावर एक ग्रॅम!

अमेरिकेतली हकिकत तर याहूनही बोधप्रद आहे. तेथे सामन नावाचे मासे नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी आपल्या जन्मनदीकडे परत येतात. ती नदी ते तिच्या पाण्याच्या गंधावरून ओळखतात. ब्रेकच्या पॅडमधले तांबे पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यांवरून ओढ्यांत उतरते आणि पाण्यात थोडेसे तांबे मिसळले, तरी या माशांची गंध घेण्याची शक्ती मंदावते, असे शास्त्रज्ञांना आढळले. म्हणून २०१० साली वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी पॅडमधले तांबे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे कायदे केले. कोठे मोटारीचे चाक आणि कोठे नदीतल्या माशाचे नाक! पण पाणी या दोघांना जोडून देते.

आमच्याकडे सामन नाही, पण पाण्याचा प्रश्न आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात विहिरींचे पाणी आटून भूजल खोल खोल गेले, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून माझा विद्यार्थी नळी मोकळी सोडीत नाही. भिजवायला आणि शेवटी धुवायला तेवढी धार. बाकीचे काम दोन बादल्यांत. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत ब्रश खंगाळायचे. वापरलेले पाणी तो नाल्यात जाऊ देत नाही. हौदात साठवतो, गाळ तळाशी बसू देतो आणि तो गाळ कोणाच्या शेताच्या बांधावर किंवा विहिरीच्या आसपास पडणार नाही, याची काळजी घेतो.

परतीच्या वाटेवर पुतण्याने मला विचारले, “काका, ही भुकटी चाकावर येऊच नये, असा काही उपाय नाही का?” उपाय करून पाहणाऱ्यांनी केला आहे. चाक आणि तबकडी यांच्यामध्ये पातळ पत्रा बसवला, की चाक स्वच्छ राहते. परंतु मग तबकडीला वारा लागत नाही, ती तापत राहते, आणि अति तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो. चाकाचे आरे मोकळे ठेवण्यामागे सौंदर्याखेरीज वाऱ्याला वाट देण्याचाही हेतू असतो. तेव्हा चाक काळे होऊ द्यावे, पण ब्रेक निवत ठेवावा, हेच शहाणपणाचे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत वेग कमी करण्याचे पुष्कळसे काम मोटरच करते. ती उलट वीज निर्माण करून बॅटरीत साठवते आणि ब्रेकची झीज कमी होते. साध्या मोटारीच्या चालकाच्या हातीही एक उपाय असतोच. पुढचा रस्ता लांबवर न्याहाळावा, वेग आधीपासून आवरावा आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे इंजिनच तिला रोखून धरते. जो उगाच धावत सुटतो, त्यालाच वारंवार करकचून थांबावे लागते. आणि त्याचीच चाके अधिक काळी होतात.

तरीही थोडी काजळी येणारच. मला तिचा आता पूर्वीइतका तिटकारा वाटत नाही. गतीचे कौतुक सारे जग करते. कोणाची गाडी किती वेगाने धावते, हे मुले अभिमानाने सांगतात. कोणाची गाडी किती अंतरात थांबते, हे कोणी सांगत नाही. परंतु रस्त्यात अचानक धावत आलेले मूल वाचते, ते इंजिनामुळे नव्हे. घरातही असेच आहे. आपल्याला पुढे लोटणारे सर्वांना प्रिय असतात. वेळेवर ‘थांब’ म्हणणारी आई, पुराच्या पाण्यात उतरू न देणारे आजोबा यांच्या वाट्याला मात्र आपली नाराजी येते. आपल्यासाठी ते कणाकणाने झिजत असतात, आणि ती झीज आपल्या सोयीच्या चाकावर काळ्या पुटासारखी दिसते, तेव्हा आपण नाक मुरडतो.

ते पूट हळुवार हातांनी धुऊन काढावे, हे आपले काम. यंदाच्या दसऱ्याला तुमच्या दारातले वाहन धुवायला घ्याल, तेव्हा चाके निवू द्या, आधी ती धुवा, आणि त्यांचे फडके वेगळे ठेवा. वाहन दुसऱ्याकडून धुऊन घेत असाल, तर चाक किती चकाकले, हे पाहण्याआधी ते धुणाऱ्याच्या नाकातोंडावर मास्क आहे की नाही, तेवढे अवश्य पाहा.